डासाला हिवताप कोण देतो?

डास चावला की हिवताप होतो, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ते रंगवलेले असते, पाठ्यपुस्तकात त्याची आकृती असते आणि पावसाळा आला की नगरपालिकेची माणसे ते घरोघर सांगत फिरतात. पण हाच प्रश्न उलटा करून विचारा, की त्या डासाला हिवताप कुणी दिला, तर चांगले शिकलेसवरलेले लोकही घटकाभर विचारात पडतात. डास काही हिवताप घेऊन जन्माला येत नाही. साचलेल्या पाण्यातून नुकतीच उडालेली ॲनाफिलीस जातीची मादी तुमच्याआमच्याइतकीच निरोगी असते. तिला हिवताप मिळतो तो माणसाच्या रक्तातून. माणसाला हिवताप देणारा डास आपण सगळेच ओळखतो. डासाला हिवताप देणारा माणूस मात्र आपण फारसा कधी डोळ्यांसमोर आणलेला नाही.

हा माणूस दर वेळी तापाने फणफणलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो बरा होऊन कामाला लागलेला असतो. कारण ज्या जंतूंमुळे ताप येतो ते डासाच्या पोटात तग धरू शकत नाहीत, आणि जे डासाच्या पोटात संसार मांडतात त्यांच्यामुळे ताप येत नाही. एकाच जंतूची ही दोन रूपे. पहिल्या रूपातून दुसरे केव्हा आणि कसे निर्माण होते, या कोड्याने शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे झुलवले, आणि त्याचे बरेचसे उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत हाती आले आहे. उत्तर प्रयोगशाळेतले असले, तरी त्याचा संबंध आपल्या घरातल्या औषधांच्या कपाटाशी आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी जीवशास्त्राचा माणूस नव्हे. उभी हयात बँकेच्या खतावण्यांत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. एका कादंबरीतले एक पात्र हिवताप विभागातला कर्मचारी होते. त्याच्या तोंडी भलतेसलते काही जाऊ नये म्हणून मी या विषयावर वाचायला बसलो. वाचता वाचता ते पात्र बाजूला राहिले आणि या जंतूनेच मला धरून ठेवले. त्याचा सगळा कारभार ओळखीचा वाटला, हे त्याचे कारण. हाताशी आहे त्यातले किती रोज फिरवायचे आणि किती पुढच्यासाठी बाजूला टाकायचे, हा आमच्या काउंटरपुढे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला पडणारा प्रश्न. तोच या एकपेशीय जिवालाही सोडवावा लागतो.

गोष्टीची सुरुवात अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन या गावी होते. तिथल्या फ्रेंच लष्करी रुग्णालयात आल्फोन्स लाव्हराँ नावाचा डॉक्टर हिवतापाने आजारी सैनिकांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका सैनिकाच्या रक्तात त्याला एक गोल, ठिपकेदार वस्तू दिसली आणि तिच्या कडेने चाबकासारखे वळवळणारे धागे दिसले. धागे इतक्या जोराने हलत होते, की ही वस्तू जिवंत आहे याबद्दल त्याला शंका उरली नाही. हिवताप हा दलदलीतल्या दूषित हवेने होतो, या जुन्या समजाला त्या दिवशी धक्का बसला. पुढे १९०७ साली लाव्हराँला नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते वळवळणारे धागे म्हणजे नेमके काय, हे त्याला उमगले नव्हते.

ते उमगले सतरा वर्षांनी, आणि तेही एका विद्यार्थ्याला. १८९७ साली विल्यम मॅक्कॅलम हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा वैद्यकीय विद्यार्थी कावळ्यांच्या रक्तातला, हिवतापाच्या जंतूच्या जवळच्या नात्यातला एक जंतू पाहत होता. त्यातला एक वळवळता धागा सुटून निघाला, शेजारच्या एका स्तब्ध गोल पेशीपाशी गेला आणि तिच्यात शिरला. आपण फलन पाहिले, हे मॅक्कॅलमने ओळखले. धागा म्हणजे नर-बीज आणि गोल पेशी म्हणजे मादी-बीज. त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्याकडे सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीवर या जंतूची वाढती कोठारे दिसली. त्या डासांना रक्त पाजणारा रुग्ण होता हुसेन खान. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. रॉसच्या नोबेलची सर्वांना माहिती असते. हुसेन खानचा हा आणा मात्र माझ्यातल्या जुन्या कॅशियरच्या डोक्यातून जात नाही.

या दोन शोधांची सांगड घातली की चित्र असे दिसते. हिवतापाच्या जंतूला दोन घरे आहेत. माणूस हे त्याचे वाढण्याचे घर आणि डास हे त्याच्या लग्नाचे घर. डासाने चावताना सोडलेले जंतू आधी माणसाच्या यकृतात जातात आणि तिथून रक्तात उतरतात. रक्तातल्या एका तांबड्या पेशीत एक जंतू शिरतो, आतला माल खाऊन वाढतो, स्वतःचे तुकडे करतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीत एका जंतूचे अठ्ठेचाळीस तासांत सोळा ते बत्तीस होऊ शकतात. पेशी एकाच वेळी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते आणि ताप चढतो. या साऱ्या वाढीत नर नाही, मादी नाही, लग्न नाही. एकाचे अनेक, इतकाच हिशेब. चक्रवाढ व्याजालाही लाजवील असा हा वेग असतो.

पण हा वेग कितीही असला, तरी त्याला माणसाच्या शरीराची वेस ओलांडता येत नाही. रोगी दगावला किंवा बरा झाला, की सारी पुंजी बुडीत. पुढच्या माणसापर्यंत जायचे तर डासातूनच जावे लागते, आणि डासाच्या पोटात टिकतात ते फक्त नर आणि मादी. म्हणून दर फेरीत काही थोडे जंतू तो वाढीचा धंदा सोडून देतात. प्रयोगशाळेतल्या वाढीत शेकड्याला दहांच्याही आत, रुग्णाच्या रक्तात बहुधा त्याहून कमी. हे जंतू पुन्हा विभागत नाहीत. फाल्सिपेरममध्ये त्यातले बरेचसे हाडांच्या मगजात दडून बसतात आणि दहा-बारा दिवसांनी चंद्रकोरीचा आकार घेऊन रक्तात येतात. फाल्सिपेरम या नावाचा अर्थच मुळी विळा धारण करणारा असा आहे. मग ही चंद्रकोर डासाची वाट पाहते. डास आला तर ठीक. नाही आला तर काही दिवसांनी मरून जाते. आजचा नफा सोडून भविष्यासाठी बाजूला काढलेली ही रक्कम आहे, आणि ती वाया जाण्याचा धोका पुरेपूर आहे.

डास आलाच, तर पुढचे सगळे झपाट्याने घडते. डास एका वेळी रक्ताच्या थेंबाचा जेमतेम विसावा भाग पितो. तेवढ्यात निदान एक नर आणि एक मादी यावी लागते. माणसाच्या उबेतून डासाच्या गार पोटात आल्यावर तापमान पाचेक अंशांनी उतरते. शिवाय डासाच्या शरीरात झँथुरेनिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते. तीच या जंतूला मिळणारी खूण असल्याचे १९९८ साली सिद्ध झाले. खूण मिळताच नर जागा होतो आणि पाव तासाच्या आत आपल्या जनुकसंचाच्या आठ प्रती काढून आठ शेपटीवाली बीजे बाहेर फेकतो. लाव्हराँने पाहिले ते हेच. त्याच्या काचपट्टीवरचे रक्त गार होत गेले आणि बिचाऱ्या नराला वाटले, आपण डासाच्या पोटात पोहोचलो! मादी मात्र एकच बीज देते. एक नर आठ माद्यांना पुरत असल्याने रक्तातही साधारणपणे नर थोडे आणि माद्या अधिक असतात. फलन झाले की तो गर्भ डासाच्या जठराची भिंत भेदून पलीकडे बसतो, तिथे त्याची हजारो पिल्ले होतात आणि दोनेक आठवड्यांत ती डासाच्या लाळेत येऊन पोहोचतात. तेव्हा कुठे तो डास आपल्या भिंतीवरच्या चित्रातला डास होतो.

आता खरे कोडे. आपल्यात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर ठरते. हिवतापाच्या जंतूला चौदा गुणसूत्रे आहेत, पण त्यांत नराचे वेगळे किंवा मादीचे वेगळे असे एकही नाही. एकाच जंतूपासून वाढवलेल्या वंशात वाढणारे जंतूही निघतात, नरही निघतात आणि माद्याही. सगळ्यांजवळ पोथी एकच, अक्षर न् अक्षर तीच. मग कोणी कोणते पान वाचायचे, हे ठरवतो कोण?

धागा सापडला तो एका अडचणीतून. १९७६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी फाल्सिपेरमचे जंतू माणसाच्या रक्तपेशींवर बाटलीत अखंड वाढवण्याची रीत शोधली. बंद बरणीत मेणबत्ती पेटवून ठेवायची. ती प्राणवायू खाऊन विझली की आतली हवा या जंतूला मानवते. इतकी साधी युक्ती. पण महिनोन् महिने बाटलीत वाढलेल्या काही वंशांमध्ये नर-मादी तयार होणेच थांबले. ते उघडच होते म्हणा. बाटलीत डास येत नाही, त्यामुळे भविष्यासाठी बाजूला टाकणारा मागे पडतो आणि सगळेच फिरवणारा पुढे जातो. अशा एका प्रकारात नवव्या गुणसूत्राच्या टोकाचा एक तुकडा गळून पडलेला असल्याचे १९९३मध्ये आढळले. म्हणजे नर-मादी घडवणारे काहीतरी जनुकांत होते आणि ते हरवू शकत होते.

२००२ साली फाल्सिपेरमची संपूर्ण जनुकीय पोथी वाचून झाली. सुमारे दोन कोटी तीस लाख अक्षरे आणि पाच हजार तीनशेच्या आसपास जनुके. पण इतर जनुकांना चालू-बंद करणारे अधिकारी जनुक त्यात ओळखीचे असे फारसे दिसेनात. एवढे मोठे ऑफिस आणि सहीचे अधिकार असलेला कोणी नाही, असा तो प्रकार. २००५ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणारे एल. अरविंद आणि त्यांचे सहकारी एस. बालाजी, मदन बाबू व लक्ष्मीनारायण अय्यर यांनी संगणकावर तुलना करून हे अधिकारी हुडकून काढले. ते एपी-२ नावाच्या कुळातले निघाले. हे कूळ वनस्पतींचे. मोहरीच्या नात्यातल्या एका रोपट्यात या कुळाचा मूळपुरुष फुलाची घडण ठरवतो. तो बिघडला की फूल धड होत नाही. हिवतापाच्या जंतूच्या एका पूर्वजाने फार पूर्वी एक शेवाळ गिळले होते आणि त्याचा अवशेष हा जंतू अजून पोटात बाळगतो, हे लक्षात घेतले तर वनस्पतींशी असलेले हे साम्य थोडे कमी चकित करते.

या कुळातला एपी-२-जी हा सभासद म्हणजेच आपल्या कोड्याची किल्ली. २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकत्र आले. एक होता ब्योर्न काफ्सॅक, मॅन्युएल लिनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, माणसातल्या फाल्सिपेरमवर. दुसऱ्याचे पहिले लेखक होते अभिनव सिन्हा हे भारतीय संशोधक, आणि तो ग्लासगो व केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या गटांनी उंदरांच्या हिवतापावर केलेल्या कामाचा होता. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकच गोष्ट सांगितली. नर-मादी देण्याचे थांबलेल्या वंशांमध्ये हे जनुक मोडलेले होते. ते काढून टाकले की वाढ व्यवस्थित चालते, पण चंद्रकोर एकही दिसत नाही. ते दुरुस्त केले की चंद्रकोरी परत येतात.

मग प्रत्येक जंतूत असलेले हे जनुक बहुतेकांत गप्प का? तर ते मोहोरबंद असते म्हणून. एचपी-१ नावाचे एक प्रथिन त्याच्याभोवती जनुकाचा धागा घट्ट गुंडाळून ठेवते, आमच्याकडे लाखेची मोहोर मारून पाकीट तिजोरीत ठेवत तसे. त्याच २०१४ साली बाझेलच्या संशोधकांनी हे प्रथिन काढून घेतले, तेव्हा एरवी शेकड्याला दोन-चार चंद्रकोरी देणाऱ्या जंतूंपैकी निम्म्याहून अधिक जंतू एकदम नर-मादी व्हायला निघाले. मोहोर फोडण्याचा अधिकार असलेले प्रथिनही पुढे सापडले. त्याचे नाव जीडीव्ही-१, आणि त्याचे जनुक होते नवव्या गुणसूत्राच्या त्याच टोकावर, जे १९९३मध्ये गळून पडलेले दिसले होते. पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, हिशेबाची ती बाजूही जुळली.

मोहोर केव्हा फोडायची, हे थोडे दैवावर आणि थोडे परिस्थितीवर अवलंबून असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून कळले, की रक्तद्रवातला लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा एक स्निग्ध पदार्थ हा जंतू सतत टिपत असतो. आपल्या वाढत्या पिल्लांची आवरणे त्याला त्यातून बनवता येतात. तो मुबलक असेल तोवर वाढ जोरात चालते. आजार बळावून तो कमी पडू लागला, की अधिकाधिक जंतू नर-मादीच्या मार्गाला लागतात. घरातले धान्य संपत आले की माणसे दुसरे गाव धुंडाळतात, तसेच म्हणा ना. जंतू विचार करतो असे अर्थातच नव्हे. परंतु विचार न करताही इतका शहाणपणाचा व्यवहार होऊ शकतो, हे पाहून आपल्या शहाणपणाचा ताठा जरा उतरतो. आणि नर की मादी, हा शेवटचा प्रश्न? त्याचे उत्तर २०२२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथून आले. एमडी-१ नावाच्या एका जनुकाचे संपूर्ण प्रथिन तयार झाले तर नर. ते मोडून टाकले तर सगळ्या माद्याच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की हे सारे खरे, पण याच्याशी आमचा काय संबंध? तो मला फार पूर्वी एका माणसाने सांगितला होता; फक्त त्यामागचे शास्त्र तेव्हा मला ठाऊक नव्हते. १९९०च्या सुमाराला माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या शाखेत झाली. सभोवती जंगल आणि भाताची खाचरे, आणि पावसाळ्यात घरोघरी हिवताप. आरोग्य खात्याचा एक कर्मचारी सायकलवरून येई, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेई आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या देऊन पुढे जाई. काही दिवसांनी आमच्या शिपायाचा निकाल घेऊन तो शाखेत आला आणि म्हणाला, “तुमच्या माणसाचा पीएफ निघाला.” आम्ही सगळे चमकलो. बँकेत पीएफ म्हणजे प्रॉव्हिडंट फंड! तो प्लाझ्मोडियम फाल्सिपेरमबद्दल बोलत होता. शिपाई तोवर ठणठणीत होऊन टपालाच्या पिशव्या उचलत होता. कर्मचाऱ्याने त्याच्या तळहातावर आणखी काही गोळ्या ठेवल्या. शिपाई म्हणाला, “ताप तं गेला जी, आता कायले?” कर्मचारी शांतपणे म्हणाला, “भाऊ, ह्या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत, तुमच्या शेजाऱ्यासाठी आहेत.” “मंग शेजाऱ्यालेच द्या ना जी!” असे म्हणून शिपाई हसला, आणि हसत हसत त्याने त्या सगळ्या पाण्याबरोबर गिळल्या.

त्या गोळ्या प्रायमाक्विनच्या होत्या. क्लोरोक्विन वाढणारे जंतू मारी, पण फाल्सिपेरमच्या पिकलेल्या चंद्रकोरींना त्याने काही होत नसे. ताप उतरलेला, अंगात शक्ती आलेली आणि रक्तात चंद्रकोरी फिरत असलेल्या अशा माणसाइतका डासाच्या उपयोगी दुसरा कोणी नाही. त्या कर्मचाऱ्याने विनोदाने का होईना, पीएफ शब्दाचा बरोबर अर्थ सांगितला, असे मला आज वाटते. चंद्रकोरी हा त्या जंतूचा भविष्य निर्वाह निधीच आहे. ताप घालवला म्हणजे त्याचे चालू खाते बंद झाले. निधी तसाच राहतो. तो गोठवायला वेगळी गोळी लागते.

आज औषधे बदलली आहेत. फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनची जोड-औषधे आली. ती कोवळ्या नर-मादींना मारतात, पण पिकलेल्या चंद्रकोरींसाठी प्रायमाक्विनची एक मात्रा अजूनही द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली कमी प्रमाणातल्या मात्रेची शिफारस केली. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीत हेच औषध चौदा दिवस घ्यायचे असते. तिथे यकृतात झोपून राहिलेले जंतू मारणे हा मुख्य हेतू. हे औषध सरसकट सर्वांना चालत नाही. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत, आणि जी-६-पीडी नावाचे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. मात्र डॉक्टरांनी दिले असेल, तर चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेली पट्टी कपाटात टाकायची नाही.

हे सांगण्यात तातडी आहे, कारण हा रोग हार मानल्याचे दाखवून परत येणारा आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाची आणि १९५८ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. डीडीटीच्या फवारणीने १९६५पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. लढाई जिंकली असे सर्वांना वाटले, आणि हात सैल पडले. १९७६ साली रुग्ण होते चौसष्ट लाख. आज पुन्हा संख्या बरीच खाली आली आहे आणि २०३०पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. गडचिरोलीच्या जंगलात आणि मुंबईच्या बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्यात शेवटची झुंज अजून चालू आहे. जगाचा हिशेब याहून जड आहे: २०२३ या एका वर्षात सुमारे सव्वीस कोटी तीस लाख रुग्ण आणि पाच लाख सत्त्याण्णव हजार मृत्यू, त्यातले बहुतेक आफ्रिकेत आणि त्यातही पाच वर्षांखालची मुले जास्त.

या शेवटच्या टप्प्याबद्दल एक सावधगिरीची सूचना आफ्रिकेतूनच आली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की जिथे हिवतापाचा फैलाव कमी आहे तिथले फाल्सिपेरमचे जंतू वाढीपेक्षा नर-मादींवर अधिक खर्च करतात. म्हणजे आपण त्याला जितके कोंडीत पकडू, तितका तो निसटून जाण्याची तयारी वाढवणार. रुग्ण थोडे उरले की दर रुग्ण अधिक महत्त्वाचा होतो, तो असा.

म्हणूनच लसींचा एक वेगळा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. सध्या वापरात आलेल्या दोन लसींपैकी आर-२१ ही ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली तिची शिफारस केली. डासाने सोडलेल्या जंतूला माणसात शिरतानाच अडवणे हे तिचे काम. दुसऱ्या प्रकारची लस माणसाकडून डासाकडे जाणारी वाट अडवू पाहते. कोंबड्यांच्या हिवतापावर असा पहिला यशस्वी प्रयोग १९७६ सालीच झाला होता. नर-मादी बीजांविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्ये तयार करायची. ती डासाच्या पोटात रक्ताबरोबर जातात आणि तिथे फलनच होऊ देत नाहीत. मालीसारख्या देशात माणसांवर तिच्या चाचण्या झाल्या आहेत. पण या लसीची अडचण शास्त्राइतकीच मनाची आहे. ज्याने टोचून घेतली त्याला स्वतःला हिवताप व्हायचा तो होऊ शकतो. वाचतो तो त्याच्यानंतर डास ज्याला चावणार तो. आपला दंड दुखवून घ्यायचा आणि लाभ दुसऱ्याला, हे लोकांना पटेल का?

मला वाटते, पटेल. आपण ते आजही करतो. रुबेलाची लस आपण मुलग्यांनाही टोचतो, ती मुख्यतः उद्याच्या कुणा गरोदर बाईच्या पोटातले बाळ सुखरूप राहावे म्हणून. आणि बँकेत तर हे मी रोज पाहिले आहे. कर्ज एकाचे आणि जामीनदार म्हणून सही दुसऱ्याची. त्या सहीतून त्याला दमडीचा लाभ नसे. तरी गावातली माणसे एकमेकांना जामीन राहत, कारण उद्या आपल्यालाही जामीनदार लागणार, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असे. अख्ख्या गावाचा व्यवहार त्या सह्यांवर चाले.

ताप उतरल्यावरही डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरी करणारा माणूस असाच जामीनदार असतो. तो शेजारच्या घरातल्या पोराला जामीन राहतो आणि शेजारी त्याच्या पोराला. त्या सूक्ष्म जिवाने आपली पुढची पिढी राखण्यासाठी एका जनुकावर केवढी पक्की मोहोर मारून ठेवली आहे, हे आपण आता जाणतो. आपल्याला मोहोर नाही की जनुक नाही. पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या तेवढ्या घ्यायच्या आहेत.